प्लायचं चिमणीघर: भोक मोजा, मगच घ्या

सातारा-सांगलीकडच्या नर्सऱ्यांत आणि पशुखाद्याच्या दुकानांत एकाच घडणीची चिमणीघरं टांगलेली दिसतात. पातळ प्लाय, उतरतं छप्पर, पुढे गोल भोक, त्याखाली बोटभर दांडी. किंमत दोन-अडीचशेच्या घरात. घ्यायला हरकत नाही, पण आणलं तसं टांगू नका.

सगळा प्रश्न भोकाचा आहे. चिमणीला ३२ मिमी पुरतं. ही घरं बहुतेक ५० मिमीच्या आसपास भोक पाडून येतात. त्यातून साळुंकी शिरते आणि चिमणीला हुसकून जागा बळकावते. दुकानात पट्टी नसेल तर दहा रुपयांचं नाणं भोकाच्या मधोमध धरा. नाणं २७ मिमीचं असतं. भोवती सगळीकडून अडीच मिमीची बारीक फट दिसली की माप बरोबर. नाण्याशेजारून बोट आत जात असेल तर ते घर साळुंकीचं समजा.

दुरुस्ती अर्ध्या तासाची आहे. प्लायचा १० सेमी चौकोनी तुकडा घ्या, सुताराकडून त्यात ३२ मिमीच्या होल सॉने भोक पाडून घ्या, कडा पॉलिश पेपरने घासा आणि तुकडा मूळ भोकावर चार स्क्रूने बसवा. बसवताना नवं भोक जुन्या भोकाच्या वरच्या कडेला भिडवा, मधोमध नको. तेवढ्यानेच आतली खोली जवळपास दोन सेमी वाढते. भोकापासून तळापर्यंत १२ ते १५ सेमी अंतर हवं. ते कमी असलं की मांजर पंजा घालून थेट पिल्लं ओढते. जोडतुकड्यामुळे तोंडाची जाडीही वाढते आणि पंजा आत वळवणं अवघड होतं.

दांडी कापून टाका. चिमणी भोकाच्या कडेला पायांनी धरून सहज आत जाते. दांडीचा उपयोग होतो तो कावळ्याला बसायला.

तळाला चार कोपऱ्यांत ६ मिमीची चार भोकं आणि छपराखाली दोन्ही बाजूंना दोन-दोन भोकं स्वतः पाडा, कारण विकत मिळणाऱ्या घरांत ती क्वचितच असतात. खालची नसली तर पाणी साचून आतलं गवत कुजतं. वरची नसली तर उन्हाळ्यात आत भट्टी होते. साधा कमर्शियल प्लाय उघड्यावर एका पावसाळ्यात फुगतो, त्याचे पापुद्रे सुटतात. बाहेर टांगायचं असेल तर आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय मागा, नाहीतर घर सज्जाखालीच ठेवा. खरं तर वळचणीची जागाच चिमणीला आवडते. रंग द्यायचाच असेल तर फक्त बाहेरून.

टांगण्याची उंची अडीच ते चार मीटर. साताऱ्यात पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, त्यामुळे तोंड पूर्वेला किंवा ईशान्येला असावं. सांगली-मिरजेकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला टेकतो. तिथे पश्चिमेची भिंत आणि पत्र्याचं शेड दोन्ही टाळा, बंद पेटीत पिल्लं उन्हाने दगावतात. तारेवर झुलत ठेवण्यापेक्षा दोन स्क्रूने भिंतीला पक्कं करा. चिमण्या वस्ती करून राहतात, म्हणून जवळजवळ दोन-तीन घरं लावली तर ती भरण्याची शक्यता वाढते. जानेवारीतच लावून टाका. खोलीच्या आत, छताच्या पंख्याजवळ मात्र कधीच नको.

अंडी साधारण ३ ते ५ असतात. ती ११ ते १४ दिवसांत फुटतात आणि पुढे दोनेक आठवड्यांत पिल्लं उडतात. एवढे दिवस झाकण उघडून बघू नका. आई-बाप चोचीत अळ्या-किडे घेऊन येताना दिसले की आत पिल्लं आहेत हे कळतंच. पिल्लांना दाणा चालत नाही, किडेच लागतात. म्हणून परसातल्या झाडांवर औषध फवारू नका. तासगावकडे द्राक्षबागेला लागून घर असेल तर पेटी बागेच्या विरुद्ध बाजूला लावा.

पिल्लं गेल्यावर आठवडाभर थांबा, मग जुनं गवत काढा, उकळतं पाणी ओता आणि कडक उन्हात वाळवा. गोचीड-पिसवा तिथेच राहतात. इथे या घराची मोठी खोट कळते: कित्येकांचं छप्पर खिळ्यांनी ठोकलेलं असतं, उघडतच नाही. बिजागरी असलेलंच निवडा, भले पन्नास रुपये जास्त जावोत. मडक्याचं घरही याच कारणाने मागे पडतं, आतून साफ करता येत नाही. नायलॉनची सुतळी, मांजाचे तुकडे आवारात पडू देऊ नका. चिमण्या ते उचलून आत नेतात आणि पिल्लांचे पाय त्यात गुरफटतात.

हेच घर दयाळासाठी लावायचं असेल तर ४५ ते ५० मिमी भोक तसंच राहू द्या, मात्र साळुंकी येण्याची जोखीम धरून. बुलबुल, शिंपी, सूर्यपक्षी यांच्यासाठी पेटी घेऊच नका, ते आत येणार नाहीत. बुलबुलाला दाट मेंदी किंवा जास्वंद हवी. मार्च ते जुलै ती छाटू नका, बस्स.