पटावरचं गाजर की हातातलं गाजर? वर्गासाठी खेळ निवडताना

आठवड्यातला एक तास मिळालाय आणि खेळातून मुलांना खाण्याच्या चांगल्या सवयी लावायच्या आहेत. अशा वेळी दोन प्रकार समोर येतात. एक पटाचे खेळ: सापशिडी, पत्ते, चित्रांच्या जोड्या, मोबाइलवरचे खेळ. दुसरे चाखण्याचे: वास घेणं, चाचपून बघणं, डोळे मिटून चव ओळखणं.

सोय बघितली तर पट जिंकतो. एकदा बनवला की वर्षभर पुरतो, चाळीस मुलांच्या वर्गातही चालतो, सांडलवंड नाही आणि अ‍ॅलर्जीची धास्ती नाही. पण त्यातून शिकलेलं ताटापर्यंत पोचतंच असं नाही. ‘गाजर डोळ्यांना चांगलं’ हे घडाघडा सांगणारं मूल डब्यातलं गाजर तसंच परत नेतं. शिवाय सापाच्या तोंडी चॉकलेट आणि शिडीपाशी फळ काढायचा मोह होतो. तो टाळाच. चॉकलेट खाणाऱ्या मुलाला आपण स्वतःच वाईट आहोत असं वाटायला लागतं आणि ते लपून खायला शिकतं. तिथे पदार्थाऐवजी सवय ठेवा, उदाहरणार्थ हात न धुता जेवणं किंवा स्क्रीनकडे बघत जेवणं. न्याहारी चुकवणं मात्र सापाच्या तोंडी नको. ती न मिळणं हा बहुतेकदा मुलाचा दोष नसतो.

चाखण्याच्या खेळाला तयारी लागते. कोणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे हे पालकांना आधी विचारावं लागतं, चिरणं-धुणं आलं, आणि तासानंतर वर्ग पुसावा लागतो. तरी माझा कौल यालाच. फ्रान्समध्ये झाक प्युइझे यांनी १९७० च्या दशकात शाळकरी मुलांसाठी चवीचे वर्ग सुरू केले. तिथे पोषणाचा धडा नंतर, आधी नाक, जीभ, कान आणि बोटं. नवा पदार्थ आवडायला तो बऱ्याचदा आठ-दहा वेळा चाखावा लागतो, आणि एवढे प्रयत्न मूल खेळातच हसत करतं. लाल ढोबळी मिरची नुसती हुंगून बाजूला ठेवणारी एक मुलगी मी पाहिली आहे. पुढच्या वेळी तिने ती जिभेला लावली, आणि चौथ्या वेळी कचकन चावून म्हणाली, “ही तर आवाज करते!” आवडली का, हे मी विचारलंच नाही.

नियम दोनच. नको वाटलं तर कागदी रुमालात थुंकायची मुभा, आणि खाल्ल्याबद्दल गोड खाऊचं बक्षीस नाही. मानसशास्त्रज्ञ लीअ‍ॅन बर्च आणि सहकाऱ्यांच्या १९८४ सालच्या प्रयोगात एक पेय पिण्याबद्दल बक्षीस मिळालेल्या मुलांना ते पेय उलट कमी आवडायला लागलं.

पहिली-दुसरीचा वर्ग असेल तर तो तास सरळ चाखण्याला द्या. नऊ-दहा वर्षांपुढच्या मुलांना मात्र शोध घ्यायला आवडतो, त्यांना वेष्टनावरचे आकडे वाचायला द्या. समजा एखाद्या शीतपेयात १०० मिलीत १० ग्रॅम साखर, तर २५० मिलीच्या बाटलीत २५ ग्रॅम. चमचा ४ ग्रॅमचा धरला तर सहा चमच्यांहून जास्त. ते चमचे मुलांनाच मोजून काचेच्या ग्लासात ओतू द्या.

मोबाइलवरचा खेळ घरी उजळणीपुरता ठीक आहे. वर्गातला एकुलता एक तास त्यावर घालवू नका.

पहिल्या तासाला एकच भाजी घ्या: कच्ची, किसलेली आणि वाफवलेली. तिन्ही वाट्या झाकून ठेवा आणि आधी फक्त वासावरून ओळखायला सांगा.