हिथ्रोच्या काउंटरवर केलेली सही

मे 2025 मध्ये मी, पत्नी, तेरा आणि नऊ वर्षांच्या दोन मुली आणि माझे आई-वडील असे सहा जण इंग्लंडला गेलो होतो. लंडनमधले चार दिवस ट्यूब, म्हणजे तिथली भुयारी रेल्वे, आणि बसने उत्तम गेले. पुढच्या नऊ दिवसांत ऑक्सफर्ड, कॉट्सवोल्ड्स, स्ट्रॅटफर्ड, लेक डिस्ट्रिक्ट आणि यॉर्क पाहून पुन्हा हिथ्रोला यायचे होते. वडिलांचे गुडघे दुखतात, सामान घेऊन स्टेशनांवर गाड्या बदलणे त्यांना झेपणार नाही, असा विचार करून आम्ही रेल्वेऐवजी भाड्याची सात आसनी गाडी घेतली. त्या व्यवहारात आमचे जे नुकसान झाले, तसे उन्हाळ्याच्या सुटीत तिकडे जाणाऱ्या दुसऱ्या कुटुंबाचे होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

गाडी मी दोन महिने आधी, अनेक कंपन्यांचे दर एकत्र दाखवणाऱ्या एका संकेतस्थळावरून आरक्षित केली होती. भाड्याबरोबरच तिथे 'संपूर्ण संरक्षण' या नावाखाली साडेनऊ हजार रुपये भरले. भाड्याच्या गाडीच्या दरात विमा धरलेला असतो, पण नुकसान झाल्यास त्यातली पहिली ठरावीक रक्कम ग्राहकाने स्वतः भरायची असते. तिला 'एक्सेस' म्हणतात आणि आमच्या गाडीसाठी ती 1,800 पौंड होती. मी घेतलेले संरक्षण याच रकमेसाठी होते, मात्र ते गाडी देणाऱ्या कंपनीचे नसून मध्यस्थाचे होते. म्हणजे गाडीला काही झाले तर आधी कंपनीला पैसे द्यायचे आणि मग कागदपत्रे जोडून ते मध्यस्थाकडून परत मागायचे. हा फरक मी नीट समजून घेतला नव्हता आणि काउंटरवर त्याचाच फायदा घेतला गेला.

गाडी घ्यायला हिथ्रो विमानतळावर त्या कंपनीच्या काउंटरवर गेलो, तर रांगेतच पाऊण तास गेला. आई सुटकेसवर बसून होती, धाकटी भुकेने कुरकुरत होती. काउंटरवरच्या तरुणाने माझे कागद पाहून अतिशय नम्रपणे सांगितले की हा विमा इथे चालतच नाही, त्यामुळे माझ्या क्रेडिट कार्डावर 1,800 पौंड ब्लॉक करावे लागतील. त्याचे बोलणे अर्धे खरे होते. मध्यस्थाचे संरक्षण ती कंपनी विचारात घेत नाही, हे खरे. पण म्हणून ते निरुपयोगी ठरत नाही, ही गोष्ट त्याने जाणूनबुजून सांगितली नाही. हॉटेलांच्या आरक्षणामुळे माझ्या कार्डाची मर्यादा बरीच संपलेली होती. पत्नीचे कार्ड चालेना, कारण कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचे लागते. मग त्याने स्वतःच तोड सुचवली: दिवसाला 34 पौंड देऊन कंपनीचे संरक्षण घ्या, म्हणजे फक्त 250 पौंड ब्लॉक होतील आणि तुमच्या डोक्याला कसलीच चिंता उरणार नाही.

त्याने टॅब्लेट माझ्यापुढे सरकवला. पडद्यावर सहीसाठीचा पांढरा चौकोन तेवढा दिसत होता. वरचा मजकूर वाचू का, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला की मी आत्ता सांगितले तेच त्यात आहे. मी बोटाने सही केली. कार्डाच्या यंत्राने रुपयांत की पौंडांत असे विचारले, तेव्हा रुपयांचे बटण त्यानेच दाबून टाकले. त्या यंत्राचा दर माझ्या बँकेच्या दरापेक्षा किती महाग होता, हे मला नंतर कळले. अशा वेळी यंत्र आपल्या हातात घ्यावे आणि नेहमी पौंडच निवडावेत.

रात्री ऑक्सफर्डच्या हॉटेलात ईमेलवर आलेले करारपत्र उघडले. संरक्षणाचे 306 पौंड होतेच. शिवाय मी न मागितलेली रस्त्यावरील मदतीची सेवा आणि टाकीभर इंधनाचे आगाऊ पैसेही त्यात लावलेले होते. शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत लिहिले होते की चाके, टायर, काचा आणि गाडीचा तळ या संरक्षणात येत नाहीत. लेक डिस्ट्रिक्टमधल्या रस्त्यांना दोन्ही बाजूंनी अगदी लागून दगडी भिंती असतात आणि समोरून बस आली की गाडी डाव्या कडेला दाबावी लागते, म्हणजे ओरखडा उठला तर तो आधी चाकालाच उठणार. नेमके तेच वगळले होते! दुसऱ्या दिवशी फोन केला तर एकच उत्तर मिळाले: सही तुमची आहे.

नऊ दिवसांनी गाडी परत केली. कर्मचाऱ्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, सगळे ठीक आहे असे म्हणत किल्ली घेतली आणि विमानाच्या घाईत मी त्याच्याकडून लेखी काहीच घेतले नाही. ही चूक माझी. सतराव्या दिवशी पुण्यात ईमेल आला की पुढच्या डाव्या चाकाच्या नुकसानीपोटी 412 पौंड, म्हणजे सुमारे 47,000 रुपये, कार्डावर लावले आहेत. परदेशी व्यापाऱ्याकडे कार्डाचा तपशील असला की ओटीपी न मागताही रक्कम वळती होऊ शकते आणि परतल्यावर मी बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर बंद केलेला नव्हता.

ईमेलसोबत ओरखडा उठलेल्या चाकाचा फोटो होता, त्यावर ना तारीख ना गाडीचा क्रमांक. कॉट्सवोल्ड्समधल्या बोर्टन-ऑन-द-वॉटर या गावी गाडीला टेकून उभ्या असलेल्या मुलींचा एक फोटो थोरलीने शोधून काढला. त्यात पुढचे डावे चाक स्वच्छ दिसत होते आणि त्याला पाच जाड आरे होते. कंपनीने पाठवलेल्या चाकाला दहा बारीक आरे होते. ते चाक आमच्या गाडीचे नव्हतेच.

दोन्ही फोटो जोडून कंपनीला लेखी तक्रार केली, बँकेतही त्या रकमेवर हरकत नोंदवली. कंपनीने तीन आठवडे छापील उत्तरे पाठवली. तेव्हा मी बीव्हीआरएलए या तिथल्या वाहनभाडे कंपन्यांच्या संघटनेकडे गेलो. सभासद कंपनी आणि ग्राहक यांच्यात समेट घडवण्याची सोय तिथे आहे. फक्त आधी कंपनीकडे दाद मागितलेली असावी लागते. त्यानंतर 412 पौंड परत आले, सगळे मिळून अकरा आठवडे लागले. सही असल्यामुळे 306 पौंड मात्र गेले ते गेलेच.

गाडी घ्यायचीच असेल तर मुख्य चालकाच्या कार्डावर एक्सेसएवढी मर्यादा मोकळी ठेवा, म्हणजे काउंटरवरचा निम्मा दबाव तिथेच संपतो. करारपत्र कागदावर किंवा ईमेलवर हाती येईपर्यंत सही करू नका, रांग कितीही खोळंबो. गाडी घेताना आणि देताना चारही चाकांचे जवळून फोटो घ्या, क्रमांकाची पाटी, इंधनाचा काटा आणि किलोमीटर, म्हणजे तिथले मैल, एका सलग व्हिडिओत घ्या आणि नुकसान नसल्याचे लेखी मिळाल्याशिवाय किल्ली देऊ नका.

मला सर्वांत जास्त वाईट याचे वाटते की ज्या कारणासाठी गाडी घेतली, त्याची सोय रेल्वेत होती. पॅसेंजर असिस्ट या मोफत सेवेत स्टेशनवरचे कर्मचारी वयस्कर प्रवाशाला डब्यात चढवतात, गाडी बदलायला आणि सामान न्यायला मदत करतात. फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड तेव्हा 35 पौंडांना मिळत होते आणि त्यावर चार प्रौढ आणि 5 ते 15 वर्षांची चार मुले प्रवास करू शकतात; प्रौढांना एक तृतीयांश, मुलांना 60 टक्के सवलत असते. आमचे सहाही जण एका कार्डात बसले असते.

येत्या मे महिन्यात माझी बहीण सासू-सासऱ्यांना घेऊन जाणार आहे. लंडनच्या यूस्टनहून ऑक्सनहोमला गाडी बदलून लेक डिस्ट्रिक्टमधल्या विंडरमिअरपर्यंत रेल्वेने जायचे आणि तिथून पुढे दोनच दिवसांसाठी मोटार घ्यायची, असे आम्ही ठरवले आहे. चाके आणि काचा संरक्षणात येतात का, हा प्रश्न तिने मोटार देणाऱ्या कंपनीला आत्ताच ईमेलने विचारला आहे आणि लेखी उत्तर आल्याशिवाय ती पैसे भरणार नाही.