दोन टोकांचा इटरेटर की दोन इंडेक्स?

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत एखादा संग्रह दोन्ही टोकांकडून वाचत आत यायचे असेल, तर दोन मार्ग आहेत: डावा आणि उजवा असे दोन इंडेक्स (घटकांचे क्रमांक) स्वतः सांभाळणे, किंवा इटरेटर, म्हणजे घटक एकेक करून देणारी रचना, वापरून ‘डबलएंडेडइटरेटर’ या ट्रेटच्या (ठरावीक क्षमतेच्या) आधारे पुढून ‘नेक्स्ट’ व मागून ‘नेक्स्ट_बॅक’ घेत जाणे. जावा भाषेतील लिस्टइटरेटरशी याची गल्लत करू नये. तेथे एकच कर्सर मागेपुढे सरकतो, येथे मात्र एकदा घेतलेला घटक पुन्हा मिळत नाही.

‘रामाला भाला मारा’ हे वाक्य उलट वाचले तरी तेच राहते का, हे तपासायचे आहे असे समजा. रस्टची स्ट्रिंग (मजकूर) यूटीएफ-८ या अक्षरसंकेतनात असते आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, त्यामुळे इंडेक्सने काम करायचे तर आधी सगळी अक्षरे व्हेक्टरमध्ये (वाढू शकणाऱ्या यादीत) उतरवावी लागतात. इटरेटरला हा खर्च नाही. पण एकेक युनिकोड चिन्ह देणारे ‘चार्स’ वापरल्यास पहिल्याच फेरीत पुढून ‘र’ आणि मागून नुसता काना हाती येतो, आणि उत्तर चुकते. ‘युनिकोड-सेगमेंटेशन’ या क्रेटमधील (लायब्ररीतील) ‘ग्राफीम्स’ मात्र रा, मा, ला अशी पूर्ण अक्षरे दोन्ही टोकांकडून देतो. मोकळ्या जागा गाळण्यासाठी त्याला ‘फिल्टर’ जोडला, तरी ही सोय टिकते.

येथे अक्षरे सात, म्हणजे विषम आहेत. शेवटच्या फेरीत ‘नेक्स्ट’ मधला ‘भा’ घेतो, ‘नेक्स्ट_बॅक’ला काहीच उरत नाही आणि लूप थांबतो. या तपासणीत त्याने बिघडत नाही. जोड्यांची बेरीज करताना मात्र मधला घटक गुपचूप गळतो, आणि ही चूक शोधायला वेळ लागतो. इंडेक्सची चूक वेगळी: रिकाम्या संग्रहाच्या लांबीतून एक वजा केला, की डीबग (चाचणीच्या) बिल्डमध्ये प्रोग्राम पॅनिक होतो, म्हणजे तेथेच बंद पडतो, तर रिलीज (अंतिम) बिल्डमध्ये नेहमीच्या सेटिंगनुसार प्रचंड मोठा आकडा मिळतो.

हॅशमॅपला (क्रम नसलेल्या किल्ली-मूल्य संग्रहाला) किंवा फाइलच्या ओळींना मागचे टोकच नाही, त्यामुळे तेथे इटरेटरचा हा पर्याय बाद होतो; व्हेक्टर, व्हेकडेक (दोन्ही टोकांची रांग) आणि बीट्रीमॅप (क्रमवार किल्ली-मूल्य संग्रह) यांवर तो चालतो. ‘चार्स’वर क्रमांक जोडणारे ‘एन्युमरेट’ लावून ‘रेव्ह’ केले, म्हणजे क्रम उलटवला, तर लांबी आधी माहीत नसल्याने कंपायलर अडवतो; चिन्हासोबत त्याचे बाइटमधील स्थान देणारे ‘चार_इंडायसेस’ चालते.

नुसते वाचत आत यायचे असेल, तर मी इटरेटरच घेईन. क्विकसॉर्ट या क्रमवारी लावण्याच्या पद्धतीतील विभागणीसारख्या कामात, जेथे घटकांची जागेवरच अदलाबदल करून शेवटी विभागणीचे स्थानही हवे असते, तेथे मात्र स्लाइस (संग्रहाचा सलग भाग) आणि दोन इंडेक्स अधिक सरळ पडतात.