कोलॅब म्हणतात ते असं

अंडरग्राउंड रॅपवाल्यांचा कोलॅब सिंगल (दोघांनी मिळून केलेलं सुटं गाणं) म्हटला की मी जरा सावधच असतो, कारण बहुतेक वेळा प्रकार काय असतो तर एकाने बीट (रॅपच्या मागचं संगीत) मेल केला, दुसऱ्याने घरी कपाटात तोंड घालून सोळा बार (चार ठोक्यांचा एक बार, साधारण एक ओळ) रेकॉर्ड करून परत पाठवले, दोघांनी एकमेकांना टॅग केलं, झालं कोलॅब. एकाने काय म्हटलंय याचा दुसऱ्याला पत्ताच नसतो. व्हर्सची (कडव्यांची) अदलाबदल केली तरी कोणाला कळणार नाही.

सध्या ऐकतोय तो हा एका रॅपर पोराचा आणि एका रॅपर पोरीचा सिंगल तसला नाहीये राव. पण ते कळायला तिसऱ्या व्हर्सपर्यंत थांबावं लागतं.

आधी बीट. साधारण ९० बीपीएमचा (मिनिटाला ९० ठोके) बूम बॅप, म्हणजे जुन्या वळणाचा ड्रमवर चालणारा बीट, किक (पायाने वाजवतात तो मोठा ड्रम) जाड, स्नेअर (कडक वाजणारा छोटा ड्रम) एकदम कोरडा आणि वर जुन्या सोल रेकॉर्डमधला वाटावा असा पियानो, तुकडे करून उलटसुलट लावलेला. आवाजाला एक खरखर आहे आणि ती मला फार आवडली. एसपी-१२०० नावाचं सॅम्पलर, म्हणजे दुसऱ्या रेकॉर्डमधला तुकडा (सॅम्पल) उचलून वाजवणारं मशीन, १९८७ मध्ये आलं, ते १२ बिटचं होतं (म्हणजे आवाज जरा ओबडधोबड) आणि त्यात सगळं मिळून जेमतेम १० सेकंदांचं सॅम्पल मावायचं, मग प्रोड्युसर लोक काय करायचे तर मिनिटाला ३३ फेऱ्यांची रेकॉर्ड ४५ वर पळवून सॅम्पल करायचे आणि मशीनमध्ये परत स्लो करायचे, त्यात आवाजाचा जो भुगा व्हायचा तीच ही खरखर. आता लॅपटॉपमध्ये वाट्टेल तेवढं मावतं तरी लोक प्लगिन (आवाज बदलणारं सॉफ्टवेअर) लावून ती आणतात आणि बऱ्याचदा ती वरवरची वाटते. इथे ड्रममध्ये मुरलीये. खरं मशीन वापरलंय का प्लगिन, मला देणंघेणं नाही.

स्नेअर किंचित उशिरा पडतो, मुद्दाम. ग्रिडला (सॉफ्टवेअरमधल्या मोजून आखलेल्या रेषांना) चिकटवलेला नाही. हे प्रकरण म्हटलं की अमेरिकन बीटमेकर जे डिलाचं नाव येणारच, त्याचं एमपीसी ३००० हे बीट बनवायचं मशीन आज स्मिथसोनियनच्या म्युझियममध्ये ठेवलंय, आणि त्याचं ऐकून दर दुसरा बीटमेकर स्नेअर मागे ओढतो आणि गाणं लंगडायला लागतं. इथे लंगडत नाही, मान आपोआप हलते.

अजून एक धाडस म्हणजे सुरुवातीला बराच वेळ नुसता बीटच वाजतो. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक स्ट्रीम धरतात, त्यामुळे हल्ली जो तो पहिल्या पाच सेकंदांतच हुक (परत परत येणारी मुख्य ओळ) तोंडावर मारतो. यांना घाई नाही.

पहिला व्हर्स त्याचा, ठीक आहे, फ्लो स्वच्छ, पंचलाइन दोन चांगल्या, बाकीच्या भरतीच्या. मजा ती आल्यावर सुरू होते. त्याचा शेवटचा यमक ज्या आवाजावर संपतो तोच धरून ती आत शिरते, पुढे चार बार तोच आवाज शब्दांच्या मधोमध लपवत नेते आणि मग एका झटक्यात डबल टाइमला (त्याच बीटवर दुप्पट वेगाने रॅप) जाते. या स्पीडला सोळा बार म्हणजे साधारण ४३ सेकंद, त्यात तिने एकही बार वाया घालवलेला नाही. श्वास घेतलेला ऐकू येतो, तो एडिटमध्ये उडवला नाही हे बरं केलं.

आणि तिसरा व्हर्स. आधी चार-चार बार वाटून घेतलेत, मग दोन-दोन, मग एकेक ओळ, आणि शेवटी तो ओळ अर्धीच सोडतो, बीट गायब, ती शब्द पूर्ण करते आणि किक परत पडते. मागे कोणीतरी खुदकन हसलंय तेही तसंच ठेवलंय. समोरासमोर उभं राहून रेकॉर्ड केल्याशिवाय हे असं येत नाही, मेलवर तर नाहीच नाही.

आता जे खटकलं ते. हुक गरीब आहे. एकच ओळ दोघं मिळून चार वेळा ओरडतात, लाइव्हला पब्लिक म्हणेल बरोबर, पण हेडफोनवर दुसऱ्या वेळेपासून मी फॉरवर्ड करायला लागलो. दुसरं म्हणजे तिचा आवाज मिक्समध्ये मागे ढकलल्यासारखा वाटतो, डबल टाइमच्या जागी तर पियानो तिच्या अंगावरच बसतो, तिथे पियानोचे मिड्स (मधल्या पट्टीतले सूर) थोडे कापले असते तरी काम झालं असतं. अख्ख्या गाण्यात भारी काम जिचं तिलाच जागा कमी, हे काही पटलं नाही. आणि मास्टर (गाण्याची शेवटची पक्की प्रत) उगाच ठोकून लाऊड केलाय, स्पॉटिफाय डिफॉल्टला सगळं -१४ एलयूएफएसवर (लाऊडपणाचं माप) आणूनच वाजवतं, म्हणजे शेवटी आवाज तेवढाच राहिला आणि किकचा दणका मात्र गेला.

बॅंडकॅम्पवर (आर्टिस्टकडून गाणी विकत घ्यायची साइट) घ्या असं मी म्हणेन, तिथे डिजिटल विक्रीतले १५ टक्के ते कापतात (पेमेंटची फी वेगळी) आणि बाकीचे आर्टिस्टकडे जातात, स्ट्रीमवर या लेव्हलच्या लोकांना चहापुरतंही सुटत नाही. सोबत इन्स्ट्रुमेंटल (नुसता बीट) आणि अकापेला (नुसता आवाज) दोन्ही दिलंय. अकापेला नक्की ऐका, तिचा व्हर्स तिथे कुठे नीट ऐकू येतो, आणि कोणाला रिमिक्स करायची खाज असेल तर आधी तो पियानो खाली घ्या.