पायातून ‘पू’ काढणारे वैद्य

मोठी हॉस्पिटलं, एमआरआय सेंटर, मॉल, भाजीबाजार. अशा ठिकाणी लंगडत चालणारं माणूस हेरणारे लोक फिरत असतात. पुण्यात मला असाच एक भेटला आणि आमचे पंचाण्णव हजार गेले. त्यांची पद्धत इतकी ठरलेली आहे की ती एकदा माहीत असली तर पहिल्या वाक्यालाच ओळखता येते, म्हणून सगळं लिहिते आहे.

दुखणं तसं घरोघरी असतं तसलंच. कमरेतून निघालेली कळ डाव्या पोटरीपर्यंत जायची. वर्गात लागोपाठ दोन तास उभं राहून शिकवलं की पाय जड व्हायचा, मुंग्या यायच्या. एक्स-रे झाला, रक्त तपासलं, शेवटी एमआरआय. त्यात खालच्या दोन मणक्यांमधली गादी जराशी फुगलेली. एक डॉक्टर म्हणाले, वयोमानाने होतं, एवढ्याने इतकं दुखायला नको. दुसरे म्हणाले, वजन कमी करा. खोटं कुणीच बोलत नव्हतं. कंबर अजिबात न दुखणाऱ्या पन्नाशीच्या माणसांचे एमआरआय काढले तरी शंभरातल्या साधारण साठ जणांत असा फुगवटा दिसतो. पण ‘रिपोर्टमध्ये विशेष काही नाही’ हे ऐकून बाहेर पडलेल्या माणसाला गोळीपेक्षा कारण हवं असतं, आणि हे लोक नेमकं तेच विकतात.

फाइल काखेत धरून रिक्षाची वाट बघत होते. पस्तिशीचा, कडक इस्त्रीच्या शर्टातला एक जण शेजारी येऊन उभा राहिला. ‘काकू, सायटिका ना? माझ्या आईला असंच व्हायचं. ऑपरेशनची तारीखसुद्धा घेतली होती.’ मग आईला एका वैद्यांनी कसं बरं केलं ते. मी नंबर मागितला तर दिला नाही! डॉक्टर नवीन पेशंट घेत नाहीत म्हणाला, आईच्या ओळखीने विचारून बघतो, तुमचा नंबर द्या. दोन दिवसांनी ‘आई’चाच फोन. आता पर्वती चढून येते म्हणाली. मला तर उलट त्यांच्यावर भार टाकल्यासारखं वाटायला लागलं.

वैद्य घरी आले. पांढरा कोट, बरोबर मदतनीस. तपासणी फी फक्त पाचशे. पोटरी दाबत दाबत एका ठिकाणी थांबून म्हणाले, ‘नसेत पू साठलाय. एमआरआयमध्ये तो दिसत नाही.’ या वाक्याला खरंच दाद द्यायला हवी. इतक्या तपासण्यांत काही का सापडलं नाही, याचं उत्तर त्यातच आलं. दर थेंबाला दोन हजार. ‘जेवढा निघेल तेवढ्याचेच पैसे. दहा-बारा थेंब, फार तर पंधरा.’

पोटरीवर ब्लेडने बारीक चीर दिली. त्यावर बोटभर लांबीची पितळी नळी टेकवून ते तोंडाने ओढायचे आणि स्टीलच्या वाटीत नळी टिचकीने झटकायचे. दाट, पिवळट थेंब पडायचा. मदतनीस मोठ्याने आकडा म्हणून वहीत रेघ मारायचा. पंधराच्या पुढे गेल्यावर ह्यांनी थांबा म्हटलं, तर वैद्य शांतपणे म्हणाले, ‘मध्ये थांबवलं तर वर चढेल. मग पायाची जबाबदारी माझी नाही.’ पुढे तोंड उघडायची कुणाची हिंमत? एकसष्ट थेंब झाले, म्हणजे एक लाख बावीस हजार. वर ‘तुम्ही शिक्षिका आहात’ म्हणून सूट देऊन पंचाण्णव हजार! काही रक्कम यूपीआयने तिसऱ्याच नावाच्या खात्यात गेली. उरलेली काढायला मदतनीस ह्यांच्या स्कूटरवर मागे बसून बँकेपर्यंत गेला. जाताना वाटी, कापूस, ब्लेड सगळं पिशवीत भरून नेलं. ‘घरात ठेवलं तर इन्फेक्शन पसरतं.’

एक थेंब मात्र चादरीवर सांडला होता. दुसऱ्या दिवशी धुवायला घेतली, साबण लावला आणि पिवळा डाग लालभडक झाला. साबणाने लाल होणारा पिवळा डाग कशाचा असतो हे ज्याने एकदा तरी वरणाचा डाग धुतलाय त्याला सांगायला नको. हळद होती ती. नळीला आतून लेप आधीच लावलेला असणार, ओढताना थुंकीने ओला होऊन तो खाली यायचा.

पायात खरोखर पू झाला तर ताप येतो, जागा लाल होऊन सुजते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढतात. माझ्या रिपोर्टांत यातलं काहीच नव्हतं. नस दबलेली असते कमरेत, दुखते पोटरीत. तिथे चीर देऊन काढण्यासारखं काही नसतंच. ते जी भुकटी देऊन गेले होते ती मी घेतली नाही. आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, अशा भुकट्यांत पुष्कळदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. चार दिवसांत छान वाटतं, मग साखर वाढते, चेहरा सुजतो. कुणी बरेच दिवस घेत असेल तर एकदम बंद करू नये, पुडी डॉक्टरांना दाखवावी.

घरी येणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. ॲलोपॅथीवाले महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदलेले असतात, आयुर्वेदवाले महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे. खरा वैद्य त्याने रागावत नाही. नोंदणीशिवाय प्रॅक्टिस करणं १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि फसवणुकीला पूर्वी ४२० लागायचं तिथे आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ लागतं.

दुखण्याचं म्हणाल तर पूर्ण उत्तर अजून नाही. एका डॉक्टरांनी मात्र रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं, ‘मॉलमध्ये ट्रॉलीवर वाकून चालताना बरं वाटतं का?’ वाटतं! मणक्यातली नसांची वाट थोडी अरुंद असली की असं होतं म्हणे. बी-१२ ही कमी निघालं. व्यायाम चालू आहेत, निम्मं दुखणं कमी आहे. लघवी-शौचावरचा ताबा सुटला, बसायची जागा बधिर झाली किंवा पावलातलं बळ गेलं तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा, असं त्यांनी बजावून ठेवलंय.

पोलिसांत तक्रार दिली आहे. तिन्ही नंबर बंद आहेत, सापडलंय ते फक्त यूपीआयचं खातं. पैसे ऑनलाइन गेले असतील तर पोलीस चौकीला जाण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. लवकर कळवलं तर समोरच्या खात्यातली रक्कम गोठवता येते. आमच्याकडून उशीर झाला, खातं तोवर रिकामं. साहेबांनी पहिला प्रश्न विचारला तो कापूस आणि वाटी कुठे आहे हाच, आणि चादर तर मी धुऊन वाळत घातली होती. तुमच्याकडे असं काही राहिलं असेल तर पिशवीत बांधून तसंच ठेवा.