फुल सर्व्हिस ब्रोकर: टिप्स सोडा, कागदपत्रांचं काम कोण करतं ते बघा

नुसत्या अ‍ॅपवर स्वस्तात शेअर घेऊन देणाऱ्या डिस्काउंट ब्रोकरच्या जमान्यात, ब्रांच आणि सल्ला देणाऱ्या महागड्या फुल सर्व्हिस ब्रोकरकडे शेअरचं अकाउंट कशाला ठेवलंय असं बरेच जण विचारतात म्हणून लिहितोय. फर्मचं नाव देत नाही, कारण ब्रांच बदलली की अनुभव बदलतो आणि तसंही यातलं निम्मं सगळ्यांनाच लागू आहे.

आधी खर्च. डिलिव्हरीला, म्हणजे शेअर घेऊन त्याच दिवशी न विकता ठेवले तर, ब्रोकरेजचा (दलालीचा) रेट लावला होता ०.५ टक्के. म्हणजे एक लाखाचे शेअर घेतले आणि तेवढ्यालाच विकले तर ५०० अधिक ५००, वर १८ टक्के जीएसटी, झाले ११८० रुपये आणि कमाई शून्य! एसटीटी (शेअर व्यवहारावरचा सरकारी कर), स्टॅम्प ड्युटी वगैरे कुठेही गेलात तरी भरावंच लागतं, ते ब्रोकरच्या डोक्यावर मारू नका. झिरोधा या डिस्काउंट ब्रोकरने २०१५ मध्येच डिलिव्हरीचं ब्रोकरेज शून्य केलं, त्यामुळे आता घासाघीस करायला जागा आहे. आमचे रिलेशनशिप मॅनेजर (आरएम) आधी म्हणाले, "सर, सिस्टिममध्ये रेट बदलत नाही." अकाउंट बंद करायचा फॉर्म मागितला तर लगेच बदलला, अर्ध्यावर आला.

माणूस गोड आहे हो, पण त्यालाही टार्गेट असतं. महिनाअखेर आली की फोन वाढतात, हा काढू तो घेऊ, "सर थोडं प्रॉफिट बुक करून घ्या ना", आणि अशा प्रत्येक अदलाबदलीत ब्रोकरेज दोनदा कापलं जातं हे तो सांगणार नाही, कॉन्ट्रॅक्ट नोट, म्हणजे सौद्यांचं बिल, सांगते, ती २४ तासांत मेलवर येते, उघडून बघत जा. रिसर्च रिपोर्ट वाईट नसतात, कंपनीचा धंदा समजून घ्यायला मी वाचतो, पण त्यात "विका" असं किती वेळा लिहिलेलं असतं ते तुम्हीच मोजा. आणि आरएमच्या पर्सनल मोबाईलवर ऑर्डर देऊ नका, डीलिंग डेस्कच्या रेकॉर्ड होणाऱ्या लाइनवरच द्या, उद्या वाद झाला तर तेच रेकॉर्डिंग कामाला येतं.

मोठं नाव आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कार्वी ही ब्रोकर कंपनी काय लहान होती का? क्लायंटचे शेअर परस्पर गहाण ठेवल्याचं २०१९ मध्ये बाहेर आलं. नंतर सेबीने, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाने, नियम आवळले, पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीच्या जागी डीडीपीआय (ठरावीक कामांपुरतीच परवानगी) आणलं, तरी शेअर प्रत्यक्ष जिथे जमा असतात त्या सीडीएसएल किंवा एनएसडीएल या डिपॉझिटरीकडून येणारं स्टेटमेंट ब्रोकरच्या अ‍ॅपशी ताडून बघायची सवय हवीच.

मग अकाउंट ठेवलं कशाला? तर बाबांच्या कागदी शेअर्ससाठी. एप्रिल २०१९ पासून कागदी शेअर दुसऱ्याच्या नावे ट्रान्सफर होत नाहीत, मालक गेल्यावर वारसाच्या नावे ट्रान्समिशन तेवढं होतं, आणि ते करताना माणूस मेटाकुटीला येतो. एका सर्टिफिकेटवर नाव पूर्ण, दुसऱ्यावर नुसती आद्याक्षरं, तिसऱ्यावर आडनावाचं स्पेलिंगच वेगळं. ब्रांचमधल्या एक मॅडम शांतपणे सगळा गठ्ठा घेऊन बसल्या, कुठल्या कंपनीचा रजिस्ट्रार (शेअरधारकांच्या नोंदी ठेवणारी संस्था) कोण ते शोधलं, बँकेकडून सही अटेस्ट करायचा आयएसआर-२ फॉर्म भरून दिला, आणि रजिस्ट्रारचं लेटर ऑफ कन्फर्मेशन (शेअर वारसाच्या नावे झाल्याचं पत्र) आल्यावर स्वतः फोन केला की १२० दिवसांत डिमॅटला (कागदी शेअर इलेक्ट्रॉनिक करायला) टाकायचंय, उद्याच या. अ‍ॅपवर तिकीट टाकून हे झालं असतं असं मला तरी वाटत नाही. या कामाला पाचपैकी पाच, आरएमच्या सल्ल्याला दीड.

सध्या नवीन खरेदी डिस्काउंटवाल्याकडे करतो आणि आईचं होल्डिंग इथे आहे तसं ठेवलंय. तुम्ही अकाउंट उघडायच्या आधी ब्रांचमध्ये जाऊन एवढंच विचारा की ट्रान्समिशन, डिमॅटची कामं इथे कोण बघतं. नाव सांगून त्या माणसाच्या टेबलापाशी नेलं तर बसा, "हेड ऑफिसला पाठवतो" म्हणाले तर सरळ स्वस्तातलं अ‍ॅप घ्या.