जुन्या इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप: दुरुस्त करावेत की बदलावेत?

पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसवलेला चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं (कॉइल); तारांचं कंपन तो विजेच्या सिग्नलमध्ये बदलतो. माझं मत आधीच सांगतो. ज्या पिकअपच्या कॉइलची तार आतून अखंड आहे, तो काढू नका, दुरुस्त करून घ्या. तार गेलीच असेल आणि त्याच मापाचा नवा पिकअप मिळत असेल, तर नवा बसवा आणि जुना जसाच्या तसा जपून ठेवा. सगळी तार उलगडून नव्याने गुंडाळायचा, म्हणजे रिवाइंडिंगचा, खटाटोप मी एकाच वेळी करेन: नवा पिकअप बसवायला गिटारचं लाकूड कोरावं लागणार असेल तेव्हा. तार पुन्हा गुंडाळता येते, कोरलेलं लाकूड परत येत नाही.

आधी मोजून बघा

'पिकअप थकलाय' अशी तक्रार असलेल्या गिटारमध्ये दोष बऱ्याचदा दुसरीकडेच असतो. व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये (बटणाखालच्या, रोध कमी-जास्त करणाऱ्या भागात) साचलेली धूळ, ढिला पडलेला जॅक, काळे पडलेले सिलेक्टर स्विचचे पत्रे, सुटत आलेलं सोल्डर. दुरुस्ती की बदल हा प्रश्न हे सगळं तपासल्यावरच येतो.

तपासणी घरी होते. गिटारला केबल लावा, व्हॉल्यूम पूर्ण उघडा आणि स्विचने एकच पिकअप निवडा. केबलच्या मोकळ्या टोकाच्या अणीवर मल्टीमीटरची एक काडी टेकवा, दांड्यावर दुसरी. रेंज 20 किलोओमची. जुन्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरचा सिंगल कॉइल (एका कॉइलचा पिकअप) साधारण 5.5 ते 6.5 किलोओम दाखवतो, गिब्सनचा जुना हमबकर (दोन कॉइलचा) 7 ते 9. आकडा या पट्ट्यात आणि स्थिर असेल तर कॉइल बहुधा शाबूत आहे. मीटर रेंजबाहेर गेला आणि मोठ्या रेंजवर 250 किंवा 500 किलोओमच्या आसपास थांबला, तर तुम्ही फक्त पॉट मोजताय, कॉइल तुटलेली आहे. तुटलेली कॉइलही कधीकधी बारीक, पत्र्यासारखा आवाज देते, त्यामुळे 'आवाज येतोय म्हणजे ठीक आहे' हे गृहीत धरू नका. आकडा नेहमीपेक्षा बराच कमी असेल तर आतले वेढे एकमेकांना चिकटून शॉर्ट झालेले असू शकतात.

एक गोष्ट आपल्या हवेमुळे लक्षात ठेवावी लागते. तांब्याचा रोध दर अंश सेल्सियसला सुमारे 0.39 टक्क्यांनी वाढतो. 20 अंशांना 7.5 किलोओम असलेला पिकअप ठाण्याच्या 32 अंशांत 7.85 दाखवेल. परदेशी तक्त्याशी तेवढा फरक पडला म्हणून पिकअप बदललेला आहे असं समजू नका.

चुंबक 'म्हातारा' झाला, हा समज बहुतेक वेळा खोटा ठरतो. अल्निको या मिश्रधातूच्या चुंबकाची ताकद नुसत्या वयाने फारच थोडी घटते. मोठ्या स्पीकरच्या चुंबकाला चिकटून वर्षानुवर्षं पडला असेल तर गोष्ट वेगळी, पण तो पुन्हा चार्ज करता येतो. तेवढ्यासाठी पिकअप बदलणं म्हणजे नासाडी.

पिकअप मरतो कसा

कॉइलची तार 0.063 मिलिमीटर जाडीची, केसासारखी. एका सिंगल कॉइलवर तिचे आठेक हजार वेढे. जुन्या फेंडरमध्ये ही तार थेट चुंबकाच्या दांड्यांभोवती गुंडाळलेली असते, मध्ये प्लॅस्टिकचा बॉबिन (रीळ) नसतो. अल्निकोत लोखंड असतं. घाम आणि दमट हवा आत शिरली की दांडे गंजतात, गंज आतल्या वेढ्यांना खातो. वाशी, नेरूळ, ऐरोलीसारख्या खाडीकाठच्या घरांत जुलैमध्ये बंद पेटीत ठेवलेल्या गिटारला हा धोका जास्त. दांडे वरखाली सरकवून आवाजाचा समतोल साधायचा मोह अशा पिकअपवर कधीच करू नका. दांडा हलला की आतला वेढा तुटतो.

गिब्सनच्या हमबकरची रचना वेगळी. गिब्सनचा अभियंता सेथ लव्हर याने 1955 साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यात दोन प्लॅस्टिकचे बॉबिन आणि खाली आडवा चुंबक असतो. चुंबक कॉइलला शिवत नसल्यामुळे तो उघडून दुरुस्त करणं बरंच सोपं.

दुरुस्ती काय देते

दुरुस्तीचे तीन प्रकार आहेत आणि तिन्हींची जोखीम सारखी नाही.

पहिला प्रकार म्हणजे टोक जोडणं. बारीक तार जिथे जाड वायरला सोल्डर केलेली असते, तिथे ती तुटणं नेहमीचंच. वेढ्याचं बाहेरचं टोक तुटलं असेल तर भिंग आणि शांत हात एवढ्यावर काम होतं आणि पिकअपचा आवाज तसूभरही बदलत नाही. आतलं टोक तुटलं तर मात्र बहुतेक वेळा सगळं उलगडावं लागतं.

दुसरा, मेण पाजणं. आवाज वाढवला की पिकअप शिट्टी मारतो, बोटाने टकटक केलं तर अॅम्पमधून ऐकू येतं. याचं कारण सैल वेढे. पॅराफिन आणि थोडं मधमाश्यांचं मेण पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात 65 अंशांच्या आसपास वितळवून पिकअप त्यात बुडवतात. थेट आचेवर कधीच नाही. जुन्या गिब्सनच्या बॉबिनचं प्लॅस्टिक उष्णतेने वाकडं होतं, म्हणून 1950-60च्या दशकांतला हमबकर मी स्वतः मेणात घालणार नाही. ते मूळचे बिनमेणाचेच आहेत आणि त्यांच्या आवाजातला मोकळेपणा काही अंशी त्यामुळेच आहे.

तिसरा प्रकार रिवाइंडिंग, आणि इथे स्थानिक अडचण येते. गिटारच्या पुस्तकांत '42 गेज' लिहिलेलं असतं, ते अमेरिकन गेज. मुंबईच्या लोहार चाळीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, तार मागितली की ब्रिटिश पद्धतीचा एसडब्ल्यूजी गेज मिळतो, आणि त्यातली 42 नंबरची तार 0.1 मिलिमीटरची, म्हणजे दीडपटीहून जाड. तेवढ्याच जागेत तिचे निम्मेही वेढे बसत नाहीत आणि पिकअप मुका होतो. तुम्हाला हवी 46 एसडब्ल्यूजी, साधारण 0.061 मिलिमीटरची. दुकानात गेज सांगू नका, मिलिमीटर सांगा.

पंख्याच्या मोटारी गुंडाळणाऱ्याकडे हे काम देऊ नका. त्याच्या हाताला कितीतरी जाड तारेची सवय असते, ही तार पहिल्याच ओढीला तुटेल. रिले, सोलेनॉइड, मीटर यांच्या बारीक कॉइल गुंडाळणारा कारागीर हवा, आणि त्यासाठी ठाण्यात वागळे इस्टेट, नवी मुंबईत रबाळे-महापे या औद्योगिक भागांत विचारून पाहण्यात अर्थ आहे. वेढे मोजणारं यंत्र आहे का आणि ताण कमी-जास्त करता येतो का, हे दोन प्रश्न आधी विचारा. तरीही तयार झालेला पिकअप मूळ आवाजाचा असेलच असं नाही. तेव्हाच्या कामगारांनी तार हाताने सरकवत गुंडाळली होती, थर वेडेवाकडे होते. यंत्राचे शिस्तीतले थर वेगळे वाजतात. संग्राहकाच्या दृष्टीनेही रिवाइंड केलेला पिकअप मूळ राहत नाही.

नवा पिकअप काय देतो

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे भरवसा. गणपतीत रोज कार्यक्रम असतील, गडकरी रंगायतनला किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात रंगमंचावर उभं राहायचं असेल, तर मधूनच गप्प होणारा पिकअप नेणं परवडत नाही. नवा पिकअप एका संध्याकाळी बसतो आणि नंतर एका संध्याकाळी निघतोही. रिवाइंडिंगमधून असं मागे फिरता येत नाही.

पैशांचं बोलायचं तर आयात केलेला नावाजलेला पिकअप एखाद्या नव्या देशी गिटारीच्या किमतीला जातो. पिकअप परदेशी कारागिराकडे रिवाइंडिंगला पाठवला तर येण्याजाण्याचं कुरिअर आणि कस्टम्सची झंझट वेगळीच.

मागवण्याआधी खाचेची लांबी-रुंदी, स्क्रूंमधलं अंतर आणि गिटारच्या पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंतचं अंतर मोजा. गिब्सन मापाच्या हमबकरमध्ये हे शेवटचं अंतर साधारण 49-50 मिलिमीटर असतं, फेंडरच्या ब्रिजपाशी 52च्या आसपास. पॉटही बघा: सिंगल कॉइलला सहसा 250, हमबकरला 500 किलोओम. एक पिकअप जुना आणि एक नवा ठेवला आणि दोन्ही एकत्र वाजवताना आवाज पोकळ, नाकातला आला, तर फेज उलटी आहे, म्हणजे दोन पिकअपचे सिग्नल एकमेकांच्या विरुद्ध जाताहेत. नव्या पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल करा, पण धातूचं झाकण पिकअपच्या ग्राउंड वायरला जोडलेलं असेल तर आधी ते वेगळं करावं लागेल.

कोणत्या गिटारला काय

1970च्या आधीची फेंडर किंवा गिब्सन असेल तर टोक जोडण्यापलीकडे मूळ पिकअपला हात लावू नका. मेला असेल तर नवा बसवा. 1970च्या दशकात जास्त जोराचे पिकअप बसवण्याच्या नादात कितीतरी जणांनी जुने गिब्सन हमबकर काढून टाकले, आज तेच लोक शोधतात. टेस्कोसारख्या 1960च्या दशकातल्या जपानी गिटारींचे पिकअप विचित्र मापांचे, त्यांच्या जागी बसेल असं काही सहज मिळत नाही. तिथे रिवाइंडिंगच करा, आणि मनापासून करा, कारण त्या गिटारींचा सगळा स्वभाव त्या पिकअपमध्ये आहे. काकांनी ऑर्केस्ट्रात वाजवलेली, कलकत्त्याची जुनी देशी गिटार असेल तर बाजारभावाचा विचार नको: कॉइल जिवंत असेल तर दुरुस्ती, नसेल तर खाचेत बसेल तो चांगला पिकअप, आणि ती पुन्हा वाजती करा.

जुना पिकअप काढताना वायर पिकअपपाशी कापू नका, पॉटवरचं सोल्डर सोडवा. स्क्रू, स्प्रिंगा, झाकण सगळं एकाच बंद पिशवीत सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा, आणि ती पिशवी स्पीकरपासून लांब असू द्या. त्यावर गिटारचं नाव, काढल्याची तारीख, मल्टीमीटरवरचा आकडा आणि त्या दिवशीचं तापमान लिहा. पुढे गिटार विकाल किंवा घरातल्या कुणाला द्याल, तेव्हा ही पिशवी तिच्यासोबतच जायला हवी.